टिल्लूच्या रक्तातली फुलं

४ मार्च

प्रिय ताई,

माझं मागचं पत्र लाल शाईने तपासून तू मलाच परत पाठवलंस, त्याबद्दल आभार. पंचावन्नाव्या वर्षी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतायत म्हणजे अजून आशा आहे. फोनवर मी पटकन थापा मारतो आणि पत्रात मला त्या नीट जमत नाहीत, म्हणून पत्रंच लिहायची, हा तुझा नियम मी पाळतोय.

इकडे सगळं उत्तम. ड्रायव्हिंग स्कूल जोरात चाललंय. फक्त एक गंमत झालीये. मला सध्या तहान फार लागते. दोन मोठ्या बाटल्या भरून गाडीत ठेवतो, त्या दुपारपर्यंत संपतात, आणि मग जे व्हायचं ते होतं. दर वीस मिनिटांनी मी विद्यार्थ्याला म्हणतो, "गाडी बाजूला घ्या, उभी करा," आणि पळतो. पेट्रोल पंप झाले, वाचनालय झालं, पोस्ट ऑफिस झालं. एकदा तर एका अनोळखी गृहस्थांच्या घरी जाऊन आलो, त्यांनी वर चहा विचारला. परिणाम असा की माझी मंडळी गाडी उभी करण्यात पटाईत झालीयेत. या महिन्यात सहा जण परीक्षेला बसले, सहाही पार्किंगमध्ये पहिल्या झटक्यात पास. वळणावर चौघं नापास, कारण वळणापर्यंत आम्ही पोचतच नाही.

पाठीवर आणि पोटावर लालसर चट्टे उठलेत. मला खात्री आहे, नव्या सीट कव्हरचा प्रताप. त्वचेच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांत चार मलमं दिली. चौथ्याला पेपरमिंटचा वास येतो, त्यामुळे चट्टे आहेत तिथेच आहेत, पण ताजेतवाने आहेत.

आणि हे ऐक. माझ्याकडे एक दंतवैद्य बाई शिकायला येतात. काल सिग्नलला थांबलो होतो, तर त्या माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, "हलू नका." आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी माझा गळा चाचपला! मागचे लोक हॉर्न वाजवतायत, मी ओरडतोय, आणि बाई शांतपणे सांगतायत, "जबड्याखाली गाठी आहेत. दाखवून घ्या." मी म्हटलं, बाई, तीस वर्षं "ब्रेक! ब्रेक!" करून ओरडतोय, गळ्याला घट्टे पडणारच. घरी हिला हे रंगवून सांगितलं, तर ही हसलीच नाही. शिवणयंत्रावर बसणाऱ्या माणसांना विनोद कळत नाही असं माझं मत आहे.

तुझा लहान (सहा फूट एक इंच) भाऊ,
टिल्लू

—

१० मार्च

टिल्लू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा नाही.

तहान, चट्टे, गाठी. तू तीन वेगवेगळ्या गमती लिहिल्यास. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं लोकांचं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलंय. मी डॉक्टर नाही, पण या तिन्ही गमती एकाच माणसाला एकाच वेळी झाल्या की लॅबमधलं कोणीही खुर्चीत सरळ होऊन बसतं.

उद्याच्या उद्या रक्त तपासून घे. पेशींची मोजणी, काचेवर रक्त पसरवून ते नीट बघणं, साखर, किडनी आणि कॅल्शियम. कॅल्शियम विसरलास तर मी तिकडे येऊन तुझे कान धरीन, स्टुलावर चढावं लागलं तरी. आणि मला अहवालाची प्रत पाठव, सार नको. शाळेत असताना तू बाबांना प्रगतिपुस्तकाचं सारच सांगायचास.

पोट साफ होतं का? जेवण जातं का? दिवसा झोप येते का? लाजायचं नाही. तुझे लंगोट मी धुतलेत.

ताई

—

१७ मार्च

प्रिय ताई,

आनंदाची बातमी! साखर एकदम नॉर्मल. मी आणि हिने केक आणून साजरं केलं. मी एकच घास खाल्ला, कारण भूक अशी नाहीच हल्ली. बाकीच्या तपासण्यांची चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि पॅन्ट धुतली गेली. चिठ्ठीचा लगदा अगदी स्वच्छ निघाला.

पोटाबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. पाच दिवस संप चालू आहे. वाटाघाटी सुरू आहेत.

परवा एक मजा झाली. एक निवृत्त न्यायाधीश शिकायला येतात, फार शिस्तीचे. गोल चौकात शिरलो आणि मला 'बाहेर काढा' हे शब्दच आठवेनात. डोकं म्हणजे कापूस भरलेली उशी. म्हणून मी गप्प बसलो. आणि मी सांगितल्याशिवाय न्यायाधीश काही करत नाहीत. आम्ही त्या चौकाला अकरा फेऱ्या मारल्या. अकराव्या फेरीला ते म्हणाले, "हा सराव पुरे झाला असं आपलं मत आहे का?" मी म्हटलं, हो. त्यांना वाटलं, ही शिकवण्याची काहीतरी खास पद्धत आहे. आता ते सगळ्यांना माझं नाव सुचवतायत.

तू उगाच काळजी करतेस. आणि हो, सांगायचं राहिलंच, आनंदाची बातमी आहे. साखर एकदम नॉर्मल.

तुझा,
टिल्लू

—

१७ मार्च

ताईंना नमस्कार.

हे पत्र मी यांच्या नकळत लिहितेय. त्यांचं पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय, तेव्हा हे वेगळ्या पाकिटातून त्याच पेटीत जाईल.

ते तुम्हाला काय लिहितात मला माहीत नाही. मी काय बघते ते सांगते. डिसेंबरपासून त्यांच्या पॅन्टी मी कमरेत तीनदा आत घेतल्या. मिळून चार इंच. आता घ्यायला कापड उरलं नाही, मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटलेत. केक कोणी आणला नव्हता, ताई. मी पाव आणला होता आणि ते त्याला केक म्हणाले. आधी मला थट्टा वाटली. मग गाडीच्या किल्ल्या लोण्याच्या डब्यात सापडल्या. दुपारी जेवता जेवता झोपतात. काल मला म्हणाले, "बाई, आरसा बघा, मग वळा." मी भाजी चिरत होते.

डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणतात, ताई सांगेल तेव्हा बघू. तर तुम्ही सांगा. मोठ्याने सांगा.

तुमची वहिनी

—

१२ एप्रिल

टिल्लू,

मला घरी परत येऊन चार दिवस झाले. तिकडे असताना सगळं तोंडानेच सांगायचं असं ठरवून रोज तुझ्या खाटेशी बसले, आणि रोज तुला मोसंबी सोलून देऊन उठले. तू म्हणालासही, "ताई, तू इतकी प्रेमळ कधीपासून झालीस? मी मरणार आहे का?" म्हणून आता लिहिते. पत्रात मोसंबी सोलता येत नाही.

आधी तुला जे आठवत नाही ते. वहिनीचं पत्र आलं आणि मी लगेच तिला फोन केला, तुला आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात ने म्हणून. दुसऱ्या दिवशी मी पोचले. तुझं कॅल्शियम जवळजवळ दीडपट झालं होतं. तहान, पोटाचा संप, उशीतला कापूस, लोण्यातल्या किल्ल्या, हे सगळं त्याचं काम. तू डॉक्टरांना सीट बेल्ट लावायला सांगितलंस. ते भले गृहस्थ, त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर आडवा धरून "लावला" म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे तू सुई टोचू दिलीस. तीन दिवस सलाईन आणि औषधं चालली, मग तू मला ओळखून भांडलास आणि मी जिन्यात जाऊन रडले.

आता मुख्य. तिथल्या लॅबमधले चष्मेवाले टेक्निशियन ओळख सांगितल्यावर विरघळले, त्यांनी तुझी काच मला दाखवली. पांढऱ्या पेशींतल्या टी पेशींचं केंद्रक साधारण गोल असतं. तुझ्या बऱ्याच पेशींचं केंद्रक पाकळ्या पाकळ्यांचं होतं, कोणीतरी कात्रीने कागदाचं फूल कापावं तसं. त्यांना फुलपेशीच म्हणतात. बत्तीस वर्षांत मी त्या पुस्तकात पाहिल्या होत्या, काचेवर दोनदा. तिसऱ्यांदा तुझ्यात.

हा टी पेशींचा रक्ताचा कर्करोग आहे, आणि त्याच्या मुळाशी एक विषाणू आहे. त्या बिघडलेल्या पेशी त्वचेत जाऊन बसल्या म्हणून चट्टे, गाठींत बसल्या म्हणून गळा, आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात ओतलं म्हणून बाकीचं. सीट कव्हर निर्दोष आहे.

हा विषाणू अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. लहानपणी लागला तर शंभरातल्या चार-पाच जणांना पुढे हा आजार होतो, तोही चाळीस-पन्नास वर्षांनी. स्पर्शाने, कपबशीने, खोकल्याने तो पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईच्या दुधातून पसरतो. तुला रक्त कधी चढवलेलं नाही. तू तीन वर्षांचा होईपर्यंत आईच्या अंगावर पीत होतास, हे सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. तेव्हा बहुधा तिथूनच. तिला माहीत नव्हतं, कळायला मार्गही नव्हता.

औषधं कडक आहेत आणि ती तू घेणार आहेस. वहिनीचीही तपासणी व्हायला हवी. तिला तू स्वतः सांग.

ताई

—

२० एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. फुलांबद्दल वाचून बरं वाटलं. आपल्या घरात मीच एक सजलेला निघालो.

औषधं सुरू झाली. डोकं चेंडूसारखं झालंय. शेजारच्या खाटेवर एक बँड मास्तर आहेत, त्यांना ट्रॉम्बोन वाजवायची बंदी आहे म्हणून ते तो नुसता हातांनी वाजवतात, आवाज न करता. मी त्यांना तशीच गाडी शिकवतो. कालपर्यंत आम्ही तिसऱ्या गिअरला पोचलो. मग दोघांनाही मळमळायला लागलं आणि नर्सबाईंनी दोघांचंही वाहन जप्त केलं.

आता एक गोष्ट, आणि ही थट्टा नाही. आईला यात ओढायचं नाही. तीन वर्षं तिने मला अंगावर पाजलं, लोकांची बोलणी खाल्ली, आणि आता तू सांगतेस की त्यातूनच हे आलं. असेल. तुझा मायक्रोस्कोप खोटं बोलत नाही. पण मी हे कोणाला सांगणार नाही. हिलासुद्धा नाही. ती आईचा फोटो रोज पुसते, गं. तपासणीचं मी हिला सांगितलंय, घरातल्या सगळ्यांची असते म्हणून. पुढचं काही विचारू नकोस.

टिल्लू

—

२ मे

ताईंना नमस्कार.

सरळच विचारते. ती कोण आहे?

हॉस्पिटलात मला एक माहितीपत्रक मिळालं. त्यात लिहिलंय की हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून लागतो. मी यांना विचारलं, तुम्हाला कुठून लागला? तर म्हणाले, "असाच." ताई, अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मला 'असाच' हा शब्द चांगला ओळखता येतो. फुलदाणी फुटली तेव्हाही ती अशीच फुटली होती. पुन्हा विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं.

मला त्या दंतवैद्य बाईंचा संशय आहे. सिग्नलला गाडी थांबवून जी बाई दुसरीच्या नवऱ्याचा गळा चाचपते, ती सिग्नल नसताना काय करत असेल? काल ती हॉस्पिटलात मोसंबी घेऊन आली. मी तिला दारातूनच सांगितलं, ते झोपलेत. ते मागून ओरडले, "कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही, असंच.

मी यांची सेवा करीन, त्यात खोट येणार नाही. औषधाच्या वेळा मी ब्लाउजच्या मापांसारख्या पाठ केल्यात. पण मला खरं कळलं पाहिजे. तुम्हाला माहीत असणार. तुमच्यापासून ते काही लपवत नाहीत.

वहिनी

—

७ मे

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी आधी खुर्चीत बसले, मग इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. रागावू नकोस. आता ऐक.

हो, एक बाई आहे. तो तिच्यावर जीव टाकतो आणि तिचं नाव यात येऊ नये म्हणून तुझा संशय अंगावर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलाय. ती बाई म्हणजे आमची आई.

माहितीपत्रकाचं मागचं पान उलट. दूध पाजण्याबद्दल लिहिलं असेल. तिच्या अंगात तो विषाणू असणार, तिला कधीच काही झालं नाही, ती म्हातारपणी हृदयाच्या आजाराने गेली. टिल्लूला वाटतं, तुला कळलं तर तू आईला दोष देशील. तो गाढव आहे, पण त्याच्या गाढवपणात मायाच जास्त आहे.

त्या दंतवैद्य बाईंची माफी माग. गाठी पहिल्यांदा तिनेच ओळखल्या. मलमवाल्याला सहा महिन्यांत जे दिसलं नाही ते तिला लाल दिव्याच्या एका मिनिटात दिसलं.

आणि तुझ्या तपासणीचं काय झालं ते लगेच कळव.

ताई

—

१५ मे

ताईंना नमस्कार.

माझ्या रक्तात काही नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांत लागला नाही, बायकोला नवऱ्याकडून लागण्याची शक्यता असते पण तुम्ही सुटलात.

दंतवैद्य बाईंना मी फोन केला. माफी मागायची जरा लाज वाटली, म्हणून मी म्हटलं, तुमच्या पांढऱ्या कोटाची बाही सैल आहे, आणा, नीट करून देते. त्या आल्या. बाही नीट केली, आणि मग सगळं सांगून टाकलं. त्या इतक्या हसल्या की मला सुई बाजूला ठेवावी लागली.

यांनाही सांगितलं की मला आईंचं कळलंय. मी म्हटलं, "अहो, त्यांनी तुम्हाला पाजलं म्हणून तर तुम्ही सहा फूट झालात. त्यांना कोण नावं ठेवतंय?" मग चादर डोक्यावर ओढून घेतली. चादर हलत होती. मी फोटो घरून आणून त्यांच्या खाटेशी ठेवलाय.

आता तुम्हाला एक विचारते. डॉक्टर म्हणतात, औषधांनी आजार दबलाय, पण तो परत येण्याची फार भीती असते. सख्ख्या भावंडाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी जुळल्या आणि त्या भावंडाच्या अंगात हा विषाणू नसला, तर त्या यांना देता येतील. भावंड तुम्ही एकटीच. तुम्ही एप्रिलपासून सगळ्यांना तपासायला लावताय. तुमचं काय निघालं?

वहिनी

—

२४ मे

वहिनी,

तू फार नेमकं टोचतेस. शिवणकामाची सवय.

माझं काही निघालेलं नाही, कारण मी तपासलंच नाही. फॉर्म भरून सहा आठवडे माझ्या पर्समध्ये आहे. रोज पर्स उघडते, चष्मा काढते, फॉर्म बघते, पर्स बंद करते. हजारो लोकांच्या नळ्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि स्वतःच्या नळीचं म्हटलं की मला बाजारात काम निघतं.

भीती कसली ते सांगते. मला तो विषाणू निघाला तर टिल्लूला देण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही. एवढंच. म्हणजे एवढंच नाही, स्वतःचीही भीती वाटते, पण ती दुसऱ्या नंबरवर आहे.

तुला एक गोष्ट माहीत नसेल. मी झाले तेव्हा आई आजारी होती. दोन वर्षं मी मावशीकडे डब्याच्या दुधावर वाढले. नंतर टिल्लू झाला आणि तो तीन वर्षं आईला चिकटून. मी सात-आठ वर्षांची, दारात उभी राहून बघायचे. त्या पोराचा मला इतका राग यायचा, वहिनी. मोठी झाले, तरी तो राग कुठेतरी होताच. म्हणूनच त्याच्या चुका मी लाल शाईने काढत असेन. आता लॅबमधले जुने सहकारी म्हणतात, डब्याच्या दुधामुळे मी बहुतेक सुटले असेन. सुटण्याची मला लाज वाटते. कळलं का? हे फक्त तुला लिहिलं.

पत्र पेटीत टाकून मी तशीच पुढे लॅबमध्ये जाणार आहे. आज बाजारात काही काम नाही.

ताई

—

१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

काचेच्या खोलीतून तुझ्या भावाचा नमस्कार. या खोलीत येताना प्रत्येक जण इतका गुंडाळलेला असतो की आत नर्स आली की फ्रीज दुरुस्तीवाला, ते मला शेवटपर्यंत कळत नाही.

तुझा निकाल आला, विषाणू नाही आणि पेशी जुळल्या, हे जूनमध्ये कळलं तेव्हा मी तुला मोसंब्यांचा भाव विचारला. तू म्हणालीस, "धन्यवाद म्हणायची पद्धत असते." मग मी संत्र्यांचाही विचारला.

तू इथे येऊन पाच दिवस पेशी वाढवायची इंजेक्शनं घेतलीस, कंबर धरून चाललीस, मग चार तास मशीनला जोडून पडलीस. त्या चार तासांत तिथल्या लोकांना तू नळ्यांवरच्या चिठ्ठ्या कशा चिकटवायच्या ते शिकवलंस म्हणे. त्यांनी मला विचारलं, "त्या जाणार कधी?"

मग तुझ्या पेशींची पिशवी माझ्याकडे आली. एवढा गाजावाजा, आणि टोमॅटो सूपच्या रंगाची एक पिशवी! अर्ध्या तासात संपली. मी नर्सबाईंना म्हटलं, "बस, एवढंच? ताईचं काही म्हणजे निदान भाषण तरी असेल असं वाटलं होतं."

नंतरचे दिवस वाईट गेले. थट्टा सुचली नाही. तोंडात फोड, ताप, पाणीसुद्धा गिळवेना. ही काचेपलीकडे खुर्ची टाकून बटणं लावत बसायची. मी डोळे उघडले की हात वर करायची. एकदा ताप खूप चढला तेव्हा मी डोळे उघडलेच नाहीत, तर तिने काचेवर बोटातलं अंगुस्तान वाजवायला सुरुवात केली, टक टक टक, डॉक्टर येईपर्यंत. ती थांबेना, म्हणून मी जागा राहिलो.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी दिसायला लागल्यात. तुझ्या. कामावर हजर झाल्यात.

टिल्लू

—

२६ ऑक्टोबर

ताईंना नमस्कार.

हे काल घरी आले. कसे आले ते सांगते, कारण ते स्वतः सांगणार नाहीत.

मी गाडी शिकले. जूनपासून. पलीकडच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, ज्यांचं नाव आमच्या घरात काढायचं नाही. यांच्याकडे शिकायचं मी लग्न झाल्यापासून टाळलं, आम्हाला संसार टिकवायचा होता. पण भाड्याच्या गाडीत रोज वेगळी माणसं बसतात, आणि यांना अजून संसर्ग झालेला चालणार नाही. दंतवैद्य बाई माझ्याबरोबरच परीक्षेला बसल्या. दोघी पास झालो.

हॉस्पिटलच्या दारात मी यांचीच गाडी घेऊन उभी राहिले. त्यांनी मला बघितलं, मग गाडीत चालक कुठे आहे ते शोधलं. मग कळलं. बाजूला बसले, पट्टा लावला, दोन्ही हात मांडीवर. गोल चौक आला, मी शिरले, बाहेर पडले. त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर त्यांनी पाय ठेवला नाही. घराशी एका झटक्यात गाडी लावली. तेव्हा विचारलं, "क्लच सोडायला कोणी शिकवलं?" मी नाव सांगितलं.

"बरा शिकवतो," म्हणाले. आणि खिडकीची काच खाली करून आपल्या बाजूचा आरसा पुसत बसले. मीही इंजिन बंद करून बसले. घाई नव्हती.

पॅन्टी उसवून दोन इंच सोडल्यात.

वहिनी

—

२१ मार्च

प्रिय ताई,

सहा महिने झाले म्हणून काल मोठी तपासणी होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय की इतक्यात नाचायचं नाही, निदान दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं. मी म्हटलं, मला नाचता येतच नाही. तर काच साफ आहे. चट्टे गेले, गाठी गेल्या. आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातो, खिडक्या उघड्या ठेवून. न्यायाधीश पास झाले.

पण खरी गंमत पुढेच. तुझे ते चष्मेवाले टेक्निशियन रजेवर आहेत, आणि लॅबमध्ये एक नव्या बाई बदलून आल्यात. फार काटेकोर. तुला आवडतील. मी बाहेर बाकावर बसलो होतो, ही औषधं आणायला गेली होती. त्या बाई हातात कागद घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"हा नमुना तुमचाच का?"

मी म्हटलं, हो.

"चूक झालीये. नळ्यांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा रक्त द्यावं लागेल."

"का हो?"

त्या आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "यातल्या सगळ्या पेशी बाईच्या आहेत. शंभर टक्के. पुरुषाची एकही नाही."

ताई, मला इतकं हसू आलं की बाकावरच्या दोन आज्या सरकून बसल्या. बाईंना वाटलं मी त्यांची चेष्टा करतोय. त्या चिडल्या, अगदी तू चिडतेस तशा, भुवया जोडून.

"हसण्यासारखं काय आहे? हे रक्त कोणाचं आहे?"

"माझ्या ताईचं," मी म्हटलं.

त्यांनी मान उंच करून कॉरिडॉरमध्ये पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. "मग त्यांना बोलवा ना. आहेत कुठे त्या?"

मी छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आत आहे."

तुझा,
टिल्लू